तोटी उघडण्यापूर्वी

पांडुरंगा, हात जोडता येत नाहीत. डाव्या हातात फ्लास्क आहे, उजवा तोटीवर. डोळेही मिटायची सोय नाही. उदबत्तीचं तर नावच नको, शेजारच्या हूडमध्ये ईथर आहे. खंडेनवमीला या व्हॅक्यूम पंपाला झेंडूची माळ घातली होती, तेवढी पूजा वर्षभर पुरवून घे.

मागणं जरा विचित्र आहे. आजी म्हणायची, तू चराचरात आहेस, वाऱ्यातसुद्धा. आणि मी आज चार तास त्याच वाऱ्याला दाराबाहेर ठेवायला निघाले आहे. काचेच्या दोन समांतर नळ्यांची ही लाइन, एकीत निर्वात, दुसरीत कोरडा नायट्रोजन. फ्लास्कमधली हवा तीनदा ओढून घ्यायची, तीनदा नायट्रोजन भरायचा. आचमनच म्हण. घाई केली की नायट्रोजन फ्लास्कमध्ये धावतो, बबलरमधलं तेल उलटं चढतं आणि त्यामागून हवा आत. म्हणून तोटी केसभर फिरवायची, बुडबुडे बघायचे, थांबायचं, पुन्हा केसभर. एरवी माझं मन तुझ्या नावावरही इतका वेळ टिकत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

पंपाआधीच्या, द्रव नायट्रोजनात बुडवलेल्या ट्रॅपकडे तेवढं लक्ष असू दे. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ वर. लाइन कुठे उघडी राहिली, की हवेतला ऑक्सिजन त्या थंडीत गुपचूप द्रव होऊन साचत जातो. एका सकाळी मी तो पाहिला. ट्रॅपच्या तळाशी जेमतेम चमचाभर, फिकट निळा. इतका देखणा, की क्षणभर बघतच राहिले. मग आठवलं, त्याच तळाशी कालचं द्रावकही गोठलेलं आहे. दोघांची गाठ पडली तर काच शिल्लक राहत नाही. शटर खाली ओढलं, सगळ्यांना बाहेर काढलं. निभावलं. दिवसभर एकच चर्चा, रात्री तोटी अर्धवट कोणी सोडली? मी सोडली होती. चर्चेत मीही होते, आणि बोलले नाही. आज तुला सांगते आहे.

जर्मनीतल्या आल्फ्रेड श्टोकची गोष्ट तुला माहीत असेल. हवा लागताच पेटणारी बोरॉन-हायड्रोजनची संयुगं हाताळायला त्याने काचेची निर्वात लाइन बांधली. तोट्यांचं ग्रीस त्या संयुगांना चालेना, म्हणून पाऱ्याच्या झडपा बसवल्या. संयुगं हवेपासून वाचली. तो मात्र वर्षानुवर्षं पाऱ्याची वाफ श्वासातून घेत राहिला. डोकेदुखी, विसराळूपणा, मन कशातच लागेना. कारण उमगल्यावर १९२६ मध्ये त्याने स्वतःचं दुखणं छापून इतरांना सावध केलं. त्यातलं थोडं धैर्य मला दे. माझं दुखणं केवढं, तर एका तोटीएवढं.

आणि जीभ दे. नवी मुलगी ओढणी घेऊनच हूडपाशी उभी राहते, आणि मी भिडेपोटी गप्प बसते. डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात हवा लागताच पेटणारं टी-ब्यूटिल लिथियम ओढताना सिरिंजचा दट्ट्या निसटला. ते ओढणाऱ्या २३ वर्षांच्या पोरीच्या अंगात ॲप्रन नव्हता, स्वेटर कृत्रिम धाग्याचा होता. अठराव्या दिवशी ती गेली. आमच्या फ्रिजमध्ये त्याच रसायनाची बाटली आहे.

आलीच बघ ती. आधी ओढणी काढून ॲप्रन घालायला सांगते. मग निळ्या द्रवाची गोष्ट, तोटी कोणी सोडली होती त्यासकट.

पंपाचा आवाज खाली बसला. आता तू जरा बाहेर थांब. पुंडलिकाने वीट तरी दिली होती. माझ्याकडे हूडबाहेरचं हे स्टूल आहे.