दान की उत्पादन?

कर्करोगावरील औषधे प्राण वाचवतात, पण कित्येकदा मातृत्व हिरावून घेतात. म्हणून उपचाराआधी अंडाशयाचा तुकडा गोठवून ठेवतात. ब्रुसेल्समध्ये १९९७ साली गोठवलेला असा तुकडा पुढे त्याच स्त्रीच्या देहात रोवला गेला. २००४ साली तिला नैसर्गिक गर्भधारणेतून कन्या झाली. हा आम्हांला उपचारच वाटतो.

२०१८ साली एडिनबर्गच्या संशोधकांनी अपक्व स्त्रीबीजे प्रयोगशाळेत परिपक्व केली. तेथून पुढची वाट काचपात्रातील फलनाची. ती ख्रिस्तसभेने १९८७ साली ‘दोनुम विते’मध्ये नाकारली आहे. अपत्य हे दान आहे, उत्पादन नव्हे.

परंतु रक्ताच्या कर्करोगात रोवलेल्या तुकड्याबरोबर रोगही परतण्याची भीती असते. अशा मुलीला प्रयोगशाळेचीच आशा दिसते. तिला ‘नाही’ म्हणून आम्ही तिच्या रित्या पाळण्यापाशी बसणार नसू, तर तत्त्व खरे राहील, आम्ही मात्र खोटे ठरू.