चुकीची तारीख

दिवाळीपूर्वीची झाडलोट ही मोठी फसवी गोष्ट आहे. माणूस कोळिष्टके काढायला म्हणून माळ्यावर चढतो आणि हातात चाळीसपन्नास वर्षांपूर्वीचे काहीतरी घेऊन खाली उतरतो. मग झाडू राहतो बाजूला. आमच्या मामांचे गेल्या वर्षी असेच झाले. त्यांच्या सोलापुरातल्या जुन्या घरी माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली आली, तिच्यातल्या जुन्या चादरीच्या घडीतून एक पिवळा पडलेला कागद निघाला, आणि ऐंशी ओलांडलेल्या मामांनी मला निरोप धाडला, "असशील तसा ये. एक अर्ज लिहायचा आहे."

मामा शाळेत गणित शिकवीत. पण वर्षातले काही आठवडे ते फळा-खडू सोडून गणवेश चढवीत आणि शिबिराला जात. कारण ते प्रादेशिक सेनेत अधिकारी होते. ज्यांना ही सेना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १९४८ सालच्या कायद्याने ती उभी राहिली, ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजाजींच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिच्यात जाणाऱ्याने आपला पोटापाण्याचा उद्योग सोडायचा नसतो. एरवी शाळा, दुकान, कचेरी. बोलावणे आले की बंदूक. मामांच्या मागोमाग त्याच शाळेतले चित्रकलेचे शिक्षकही तिच्यात दाखल झाले. आम्ही मुले त्यांना ड्रॉइंगचे सर म्हणत असू.

तो पिवळा कागद म्हणजे मामांना कॅप्टनचा हुद्दा कोणत्या तारखेपासून द्यावा, या पत्राची कार्बन प्रत होती. सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि बढत्या भारताच्या राजपत्रात छापतात. पहिल्या भागाचा चौथा विभाग त्यासाठीच आहे. तिथे नावापुढे 'अमुक तारखेपासून' असे असते, आणि सगळे वजन त्या 'पासून'मध्ये. मामांची तारीख छापून आली ती अकरा महिने पुढची. कागद कुठे अडकला, कोणाच्या टेबलावर झोपला, हे आता कोण सांगणार? मामांनी तेव्हा तोंडी विचारले होते. "पुढे पाहू, तूर्त सही करा," असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी शिबिराला निघायचे होते. मामांनी नोंद बरोबर असल्याची सही केली.

त्या अकरा महिन्यांत ड्रॉइंगचे सर कॅप्टन झाले. शाळेच्या दिवाणखान्यात सेनेत हुद्दा मिळवलेल्या शिक्षकांचा फलक आहे, त्यावर पहिले नाव त्यांचे. कित्येक वर्षे २६ जानेवारीला 'आपल्या शाळेचे पहिले कॅप्टन' म्हणून झेंडा त्यांच्या हातून चढे आणि मामा दुसऱ्या खुर्चीवर बसत.

मी लिहायला बसलो. सवयीने लिहिले, 'कृपा करून माझ्या अर्जाचा विचार व्हावा.' मामांनी पेन घेऊन 'कृपा करून' खोडले.

"कृपा कशाला? गणित बरोबर असून गुण कमी पडले तर मुलगा कृपा मागतो का? तो वही पुढे करतो."

मला हे पटले. तरी एक शंका होती. पैशांचा प्रश्न त्यांनी स्वतःच निकालात काढला होता. थकबाकी नको, असे पहिल्याच परिच्छेदात घालायला लावले होते. मी म्हणालो, "मामा, मग आता राहू द्या ना. या वयात कशाला?"

ते जरा वेळ गप्प राहिले. "म्हणजे खोटे आहे ते तसेच राहू दे म्हणतोस?"

मला उत्तर सुचले नाही. मान मागणे हलकेपणाचे, ही शिकवण आपल्या हाडांत मुरलेली आहे. फळाची आशा धरू नये, हे गीता न वाचलेल्यालाही पाठ असते. पण एक गंमत पाहून ठेवण्यासारखी आहे. हा उपदेश ज्याला फळ मिळाले त्याला कोणी करीत नाही. ज्याचे राहिले त्यालाच नेमका करतात. मीही तेच करीत होतो.

मामांचे दुखणे जगावेगळे नव्हते. २०१२ साली देशाच्या सेनाप्रमुखांनाच एका तारखेसाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. जनरल व्ही. के. सिंग यांचा जन्म पुण्याचा. शाळेच्या दाखल्यावर १० मे १९५१. पण पोरवयात प्रबोधिनीच्या परीक्षेचा अर्ज भरताना साल पडले १९५०. सैन्याच्या एका शाखेच्या दप्तरात एक साल, दुसरीच्या दप्तरात दुसरे, आणि दोन्ही नोंदी वर्षानुवर्षे सुखाने नांदल्या. मधल्या बढत्यांच्या वेळी त्यांनी १९५० मान्य असल्याचे लिहून दिले होते. प्रश्न मुदतवाढीचा नसून अब्रूचा आहे, असे त्यांचे म्हणणे. न्यायमूर्तींचा रोख त्या लिहून दिलेल्या शब्दावर होता. शिवाय खरी जन्मतारीख कोणती हे आम्ही ठरवीत नसून सरकारी दप्तरात कोणती धरावी एवढाच मुद्दा आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले. १० फेब्रुवारीला अर्ज मागे घेतला गेला आणि ३१ मे रोजी जनरल निवृत्त झाले.

त्यांची बाजू मांडणारे वकील होते उदय लळीत, सोलापुरात जन्मलेले. पुढे २०२२ साली ते सरन्यायाधीश झाले. नेमणुकीच्या तारखेने आलेल्या ज्येष्ठतेमुळे ते पद त्यांच्याकडे आले आणि जन्मतारखेच्या हिशेबाने ७४ दिवसांत सुटले.

खरी तारीख आणि दप्तरातली तारीख या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे न्यायालयाला म्हणता येते. घरी बसलेल्या माणसाला म्हणता येत नाही. त्याच्यापाशी एकच आयुष्य असते. सहीचा मुद्दा मात्र मला जड वाटतो. घाईत केली म्हणून सही खोटी होत नाही. पण सहीने माणूस बांधला जातो. घडलेली गोष्ट बांधली जात नाही. आणि हेतूचे म्हणाल, तर मामांच्या मनात सत्याची चाड किती आणि पहिल्या खुर्चीची हौस किती, हे मला सांगता येणार नाही. त्यांनाही येणार नाही. गिऱ्हाइकाच्या धाकाने पुरे माप घालणारा वाणीही मापच पुरे घालतो. हेतू गाळून शुद्ध होईपर्यंत खरे बोलायचे नाही असे ठरवले, तर जगात फार शांतता पसरेल.

माझी अडचण निराळीच होती. मामांचे अकरा महिने कोणाच्या तरी खालून काढावे लागणार होते. दप्तरातली चूक दप्तरात राहत नाही. माणसे तिच्यावर घर बांधतात. ड्रॉइंगच्या सरांनी काहीही लबाडी केलेली नव्हती. त्यांच्या नातवंडांना आजोबा 'पहिले कॅप्टन' म्हणून ठाऊक होते. त्यांना ती जागा आयुष्यभर पुरावी असा हक्क आहे, असे मी म्हणणार नाही. पण ती जाणार असेल तर फलक रंगवणाऱ्याकडून त्यांनी ते ऐकू नये.

मी हे बोललो तेव्हा मामा चिडले. "सैन्याच्या कागदाला शेजाऱ्याची परवानगी लागत नाही," म्हणाले. अर्ज चार दिवस टेबलावर पडून राहिला. पाडव्याच्या संध्याकाळी त्यांनी तो खिशात घातला, मामींनी फराळाचा डबा हातात दिला आणि मला म्हणाले, "चल."

सरांनी भिंग लावून अर्ज वाचला. मग कार्बन प्रत वाचली. घरात बाहेरच्या फटाक्यांचा आवाज तेवढा येत होता.

"हे पत्र आले तेव्हा मी पाहिले होते," सर म्हणाले.

मामा नुसते पाहत राहिले. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सही केलीत असे कळले. वाटले, तुम्हाला चालते आहे." थोडे थांबून ते म्हणाले, "नाही, तसे नाही. मला बरे वाटले होते."

चहा आला. कोणी फारसे बोलले नाही. निघताना सरांनी अर्ज परत मागितला, चष्मा चढवला आणि मामांच्या सहीखाली आपल्या चित्रातल्यासारख्या वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली: 'वरील मजकूर खरा असून तो मला त्या वेळेपासून ठाऊक आहे.' खाली सही केली आणि हुद्द्यापुढे तारीख घातली.

अर्ज भाऊबीज झाल्यावर पोस्टात पडला. उत्तर अजून आलेले नाही. यंदा दिवाळीला मामांनी सरांना आधीच निरोप पाठवला आहे, डबा घेऊन तुम्ही या.