दोन भारद्वाज



मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर एका मातेने मला थांबवले. म्हणाल्या, "गुरुजी, पोरीला आता कुणी चिडवत नाही. पण शाळेतून आली की ती बोलतच नाही. आडनाव बदलून घेऊ का तिचं?" हे कुटुंब गेल्या अशोक विजयादशमीला धम्मात आले. मुलगी माझ्याच वर्गात, सातवीत आहे. तो प्रश्न ऐकून मला माझीच लाज वाटली. कारण आता कुणी चिडवत नाही, याचे श्रेय मी दोन महिने मनातल्या मनात घेत होतो.

घडले होते ते असे. दीक्षेनंतर मुलीने वर्गात जयभीम म्हणायला सुरुवात केली. चार मुले तिची नक्कल करू लागली, वेडेवाकडे आवाज काढू लागली. मी त्यांना उभे केले, त्यांच्या वडिलांना बोलावले, माफी मागायला लावली. टवाळी थांबली. प्रकरण मिटले असे मी धरून चाललो.

त्याच वर्गात बोलताना अडखळणारा एक मुलगा आहे, गावातल्या मोठ्या घरचा. हीच चौकडी त्यालाही छळत असे. पुढे तो खो-खोच्या संघात आला, तालुक्याला चांगला खेळला, आणि छळणारेच त्याच्या खांद्यावर हात टाकून फिरू लागले. मुलगी सहामाहीत वर्गात पहिली आली. तिच्या बाबतीत काय बदलले? काहीच नाही. दुपारची खिचडी वाढायची तिची पाळी आली की रांग गुपचूप दुसऱ्या पातेल्याकडे सरकत असे. कोणी शिवी दिली नाही, कोणी धक्का मारला नाही. तक्रार लिहायची तर कोणाच्या नावाने लिहावी? रांगेतली पुष्कळशी मुले स्वभावाने गरीब आणि सालस आहेत. हे सारे माझ्या डोळ्यांदेखत चालले होते आणि मला ते दिसत नव्हते.

बंधूंनो, छळ वेगळा आणि कलंक वेगळा. छळाला छळणारा लागतो. दांडगा पोरगा दुबळ्याला हेरतो आणि पुन्हा पुन्हा त्रास देतो. निमित्त काहीही चालते, चष्मा, जाडेपणा, तोतरेपणा. दांडगा आवरला की छळ थांबतो. कलंकाला दांडगा लागत नाही. जुन्या ग्रीसमध्ये गुलामाच्या अंगावर डाग देत, म्हणजे बघणाऱ्याने आपोआप दूर व्हावे. इंग्रजीतला कलंकाचा शब्द त्या डागावरूनच आला आहे. आपल्याकडे डाग देण्याची गरज पडली नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू असे, मराठी मुलखात मनगटावर किंवा गळ्यात काळा दोरा असे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात नोंदवून ठेवले आहे. तो दोरा बघून बाजूला होणारा प्रत्येक माणूस काही दुष्ट नव्हता. त्याला तसे शिकवले होते, इतकेच. म्हणूनच शाळा बदलून छळ चुकवता येतो. कलंक मात्र दाखल्यावरच्या जातीच्या रकान्यातून नव्या शाळेत मुलाच्या आधी पोहोचतो.

तथागतांनी हा भेद कसा हाताळला ते पाहा. पाली वाङ्मयात दोन भारद्वाज भेटतात. पहिला राजगृहातला अक्कोसक भारद्वाज. आपल्या गोत्रातला माणूस संघात गेला म्हणून संतापून तो वेळुवनात आला आणि भगवंतांना वाटेल ते बोलला. भगवंतांनी विचारले, तुझ्या घरी पाहुणे येतात काय? येतात, तो म्हणाला. त्यांनी वाढलेले घेतले नाही तर ते कोणाचे? माझेच, तो म्हणाला. मग तुझ्या शिव्या आम्ही घेतल्या नाहीत, त्या तुझ्याच राहिल्या. येथे एक संतापलेला माणूस होता, त्याचा राग होता, आणि न घेणे पुरेसे होते.

दुसरा श्रावस्तीचा अग्गिक भारद्वाज. भिक्षेसाठी येणाऱ्या भगवंतांना पाहून त्याने दुरूनच थांबवले आणि मुंडक, वसल असे म्हटले. वसल म्हणजे ज्याची सावली नको असा. पाहुण्याचा दाखला येथेही देता आला असता, पण भगवंतांनी दिला नाही. त्यांनी विचारले, ब्राह्मणा, वसल कोणाला म्हणतात ते तुला माहीत आहे काय? तो गडबडला. तेव्हा भगवंतांनी एकेक लक्षण सांगितले. कर्ज घेऊन नाकारणारा, खोटी साक्ष देणारा, म्हाताऱ्या आईबापांना न पोसणारा, हे वसल. जन्माने कोणी वसल होत नाही. चांडाळपुत्र मातंगाच्या सेवेला क्षत्रिय आणि ब्राह्मण येत, याची आठवणही त्यांनी दिली. माझ्या समजुतीप्रमाणे कारण असे की 'वसल' हा शब्द त्या एका ब्राह्मणाचा नव्हता. तो साऱ्या समाजाने बनवलेला डाग होता. एकट्याने तो घेतला नाही तरी उद्या दुसऱ्याच्या अंगावर पडणारच. म्हणून त्याचा अर्थच मोडावा लागला. आणि नुसता अर्थ मोडून भागले नाही. निर्माल्य झाडणारा सुनीत कावड खाली ठेवून सामोरा आला, तेव्हा भगवंतांनी त्याला संघात जागा दिली.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे वळतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. शहरात बी.एड.ला असताना खोली मिळेना, म्हणून घरमालकाला मी आडनावाऐवजी गावाचे नाव सांगितले. खोली मिळाली. वर्षभर बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत ठेवला आणि गावाकडून कोणी भेटायला येतो म्हटले की छाती धडधडे. १९१७ साली बडोद्यात स्वतः बाबासाहेबांना पारशी नाव नोंदवून पारशांच्या धर्मशाळेत राहावे लागले होते, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. एवढी विद्वत्ता सोबत होती, तरी ती कामी आली नाही. मला कोणी बाहेर काढले नाही. पण माझ्यावर पहारा करायला दुसऱ्या कोणाची गरजच उरली नव्हती. म्हणून मी त्या मातेला म्हणालो, बाई, आडनाव असू द्या, त्यात मुलीची काही चूक नाही.

तुम्हालाही एक विनंती आहे. मूल घरी आले की कोणी मारले का, एवढेच विचारू नका. आज कोणाजवळ बसून जेवलीस, तेही विचारा. आणि विहारात नवे कुटुंब आले की "पूर्वी तुम्ही कोण होता?" ही चौकशी आपल्यातलेच लोक करतात, ती कृपया थांबवा. तीही रांग सरकवणेच आहे.

कायद्याचे बळ आपल्याला आहे. घटनेचे सतरावे कलम आहे, १९५५ चा आणि १९८९ चा कायदा आहे, गरज पडेल तेथे ते वापरावेतच. पण सरकलेल्या रांगेचा पंचनामा कसा करणार? मी मुख्याध्यापकांशी बोललो. दोनाऐवजी एकच पातेले ठेवायचे आणि वाढायची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने, असे ठरले. मुलीच्या पाळीला पहिले ताट मी धरले. दुसरे मुख्याध्यापकांनी धरले. एका सहकाऱ्याला त्या दिवशी उपवास निघाला, असो. पहिल्या दिवशी नऊ मुले उपाशी उठली, दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी तो खो-खोवाला मुलगा ताट घेऊन आला आणि अडखळतच म्हणाला, "थोडी जास्त वाढ."

एक मुलगा अजून घरून डबा आणतो. त्याच्या आजीने तशी शपथ घातली आहे, असे कळले. येत्या रविवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे. चहा मिळाला तर पिऊन येईन, न मिळाला तर पुढच्या रविवारी पुन्हा जाईन.