पेटीवर नसलेला सा

एखादी चूक कुणालाच ऐकू येत नसेल, तर ती चूक आहे का? ऐकायला हा प्रश्न कॉलेजच्या कट्ट्यावरचा वाटतो. माझ्यापुढे तो ऑफिसात आला, तानपुऱ्याच्या एका प्लगइनच्या रूपात, आणि त्याचं उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं.

आधी गणित. फोनमध्ये आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या काळापासून चालत आलेली पद्धत सेकंदाला ४४,१०० आकड्यांची. बहुतेक अँड्रॉइड फोनचं आतलं यंत्र मात्र ४८,००० च्या वेगाने चालतं. २०१५ साली आलेल्या आयफोन ६एसचा स्पीकरही ४८,००० वरच हटून बसला, आणि तोवर नीट वाजणारी कितीतरी अॅप्स बिघडली. अॅप हवा तो दर मागू शकतं, पण ती विनंती असते. फोन काय देईल ते फोन ठरवतो. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की हाच दर १६,००० किंवा ८,००० वर घसरतो. तेव्हा ‘मला काय मिळालं’ हे प्लगइनने दर वेळी विचारायला हवं. आम्ही बाहेरून घेतलेलं प्लगइन ते विचारत नव्हतं. ४४,१०० चं रेकॉर्डिंग ते काही फोनवर सरळ ४८,००० च्या वेगाने ओतत होतं.

परिणाम? सगळं १.०८८ पट वर. संगीताच्या भाषेत साधारण दीड स्वर, म्हणजे पेटीच्या दीड पट्ट्या. तासाभराचं आवर्तन पंचावन्न मिनिटांत संपतं. स्क्रीनवर ‘काळी चार’ लिहिलेलं असतं आणि कानावर पडतं ते पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधलं काहीतरी. तो सा कुठल्याच पेटीवर नाही.

तक्रार एकही आली नव्हती.

टीममधला एक जण स्वतः गातो. त्याचं म्हणणं असं की ही चूकच नाही. आपल्या संगीतात सा कुणी ठरवून दिलेला नाही, ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे असतो. सा, पंचम, सगळं एकाच पटीने वर गेलं, आपसांतली नाती शाबूत राहिली. मग बिघडलं काय? खरं सांगायचं तर हा युक्तिवाद मला आवडला, अजूनही आवडतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात असं झालं असतं तर पहिल्याच सुराला बोंब उठली असती. आपल्याकडे गंधार शुद्ध की अशुद्ध हे षड्जाकडे बघून ठरतं, काट्याकडे बघून नाही.

मी सांगलीची, इंजिनिअरिंगही तिथलंच. आणि हा वाद आमच्या भागात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलेला आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक काढलं. तारेच्या लांब्या मोजून, कंपनांची गुणोत्तरं मांडून त्यांनी प्रत्येक श्रुतीला आकडा दिला. प्रयोगांसाठी गायक कोण, तर अब्दुल करीम खाँ! साताऱ्याला जिल्हा न्यायाधीश असलेले ई. क्लेमेंट्स या कामात शिरले, १९१३ मध्ये त्यांचंही पुस्तक आलं, आणि या आकड्यांवर बेतलेली एक श्रुती-पेटी बनवली गेली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली तेव्हा वाद झाला. भातखंडे विरोधात होते. गायकाचा सूर रागाप्रमाणे हलतो, लगावाप्रमाणे हलतो, त्याला खिळा ठोकून कसं चालेल, असा हा मूळ झगडा.

माझं मत विचाराल तर देवल आणि क्लेमेंट्स त्या वादात हरले हे ठीकच झालं. पण त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो, कारण त्यांनी आकडे छापले. अमुक श्रुती अमुक गुणोत्तराची, हे कागदावर होतं. म्हणूनच कुणी उठून ‘हे चूक’ म्हणू शकलं. आमचं प्लगइनही एक दावा करतच होतं, ‘ही काळी चार आहे’. फक्त तो तपासायची सोय ऐकणाऱ्याकडे नव्हती.

इथे माझं आणि त्या सहकाऱ्याचं फाटतं. तानपुरा कुठे काही दावा करतो? मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन बघा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा, आणि जवारी नीट बोलेपर्यंत तासन्‌तास कान लावून बसलेला कारागीर. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या तानपुऱ्यावर ‘काळी चार’ असं कुठेही लिहिलेलं नसतं. तुम्ही खुंटी पिळता, मणी सरकवता, आपल्या गळ्याला विचारत विचारत सा लावता. तिथे सा सरकला तर तो तुम्ही सरकवलेला असतो. अॅपमध्ये तुम्ही शब्दावर भरवसा ठेवता. नाती शाबूत असल्याने संगीत खोटं झालं नाही हे मान्य, शब्द मात्र खोटा झाला.

(जवारीवरून आठवलं. दुरुस्ती करताना दर बदलायचं गणित स्वस्तात उरकलं तर वरच्या पट्टीतले स्वरांश दुमडून भलत्याच जागी उमटतात, आणि तिथे नातीसुद्धा शाबूत राहत नाहीत. तानपुऱ्याचा सगळा जीव त्या वरच्या स्वरांशांत. ते दुखणं वेगळं, पण ‘नाती सांभाळली की झालं’ म्हणणाऱ्यांनी तेही ऐकून बघावं.)

आता यावर कुणी म्हणेल, खरा तानपुरा घ्या की. असलं बोलणं मला श्रीमंती वाटतं. तो एसटीत नेता येत नाही, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला परवडतही नाही. माझी मावशी साताऱ्यात गाणं शिकवते. तिच्या बहुतेक मुली फोनवरच रियाज करतात. तिला हा सगळा घोळ सांगितला तेव्हा ती म्हणाली, “अगं, माझ्यासमोर बसलेली असेल तर मला अॅपची काय पर्वा? गळा ताणतेय हे दिसतंच मला, मी सा खाली घेते. घरी एकटीच बसते तिचं काय? तिला वाटतं आपलाच गळा कमी पडतोय.”

तिचं हे वाक्य मी मीटिंगमध्ये सांगितलं. तार षड्जाला पोचता येत नाही म्हणून एखादी मुलगी स्वतःला दोष देतेय आणि दोष तिचा नाहीच. वर परीक्षेला गेल्यावर पेटीवाला काळी चार दाबणार, आणि महिनोन्‌महिने घोटलेला तिचा सा तिथे सापडणार नाही. तक्रार येत नाही याचा अर्थ त्रास होत नाही असा होत नाही. कुणाची तक्रार करायची हेच तिला कळलेलं नसतं.

दुरुस्ती दोन दिवसांचं काम. अडलं ते पुढे. जिला त्या वरच्या सा ची सवय झाली आहे, तिचा सा एका रात्रीत दीड स्वर खाली येणार. गुपचूप बदलावं, असं काहींचं मत. कशाला घबराट? गुपचूप बिघडलेलं गुपचूप सुधारणं मला पटेना. तिच्या रियाजाखालची जमीन दुसऱ्यांदा न सांगता हलवायची, आणि या वेळी तर आपल्याला ठाऊक असताना. सहकाऱ्याने मग एक चांगली सूचना केली. ज्यांना हवा त्यांच्यासाठी जुना सा ठेवावा, नवा आपोआप लागावा, आणि अपडेटच्या सूचनेत मराठीत सरळ लिहावं की काही फोनवर पट्टी दीड स्वर वर वाजत होती.

ते ठरलं. मग त्या जुन्या पर्यायाला नाव काय द्यायचं यावर अर्धा तास गेला. ‘जुना सा’ सुटसुटीत होतं, ‘क्लासिक’ही कुणीतरी सुचवलं. मी हट्ट धरला, म्हणून आता तिथे लिहिलंय, ‘पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मध्ये’. छोट्या स्क्रीनवर ते दोन ओळींत जातं, डिझाइनर अजून कुरकुरतोय.