खेळणाऱ्या मुलीचा काळ

मुलीने खेळावे, असे आता बहुतेक घरांत म्हटले जाते. किती वर्षे खेळावे, हे मात्र कोणी बोलून दाखवत नाही. ते गृहीत असते. दहावीपर्यंत खेळ हा छंद, बारावीला तो अडथळा, आणि पदवीनंतरही ती खेळत राहिली तर घरातल्या काळजीचा विषय. नोकरीच्या निमित्ताने माझ्या आयुष्यातील बरीच वर्षे चेन्नईत गेली. माझी मुलगी तिथल्या शाळेत बास्केटबॉल खेळू लागली, तेव्हा ही अलिखित मुदत मला प्रथम जवळून दिसली.

या खेळात मुलींना मर्यादा घालून देण्याची रीत खेळाइतकीच जुनी आहे. १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत, बास्केटबॉल सुरू केला. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो स्मिथ कॉलेजातील मुलींना शिकवला, पण नियम बदलून. तिने मैदानाचे तीन भाग केले आणि कोणीही आपला भाग सोडायचा नाही असे ठरवले. अतिश्रम स्त्रीच्या प्रकृतीला सोसत नाहीत, ही त्या काळची समजूत. त्या समजुतीशी तडजोड केल्याशिवाय मुलींना मैदान मिळाले नसते. स्प्रिंगफील्डलाच शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन केले, आणि तिथून खेळाचे शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडले. या शहरात बास्केटबॉलला जी प्रतिष्ठा आहे, तिचे एक मूळ तिथे आहे. बेरेन्सनने मैदानावर आखलेल्या त्या दोन रेषा पुढे पुसल्या गेल्या. आज मुली पूर्ण कोर्टवर धावतात. रेषा आखली जाते ती त्यांच्या वयावर.

शाळेचे कोर्ट सिमेंटचे होते. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही. सकाळी साडेसहालाच चेंडू हातातून निसटू लागतो. मुली थांबून तळवे बुटांच्या तळाशी घासत, धूळ निघाली की बुटांची पकड परत येई, आणि सराव पुढे चाले. मला प्रेक्षणीय वाटत असे तो बास्केट नव्हे, तर बास्केट चुकल्यानंतरचा क्षण. चेंडू रिंगला लागून उडाला की नवख्याला वाटते, उंच मुलीला तो मिळणार. त्यांचे प्रशिक्षक सर मात्र मुलींना आधी चेंडूकडे नव्हे, प्रतिस्पर्ध्याकडे वळायला शिकवत. पाठ लावायची, गुडघे वाकवायचे, कंबर खाली न्यायची, जागा धरून ठेवायची आणि मगच उडी घ्यायची. बुटक्या मुलीदेखील यामुळे रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू, मिळवत. हे कौशल्य अंगात भिनायला महिने नव्हे, वर्षे लागतात, कारण त्यात शरीराची पहिली ओढच बदलावी लागते. फेक सुधारलेली सर्वांना दिसते. ही जागा धरण्याची सवय बाकावर बसलेल्या पालकांना दिसत नाही. म्हणून ‘आता पुरे झाले’ असे पालक अनेकदा म्हणतात, ते नेमके सवय लागत असताना.

त्या संघातली सर्वांत गुणी मुलगी दहावीनंतर यायची थांबली. तिच्या आईची कामाची पाळी दुपारी सुरू होई आणि धाकटी भावंडे घरी असत. तिच्या संध्याकाळचा घरातला उपयोग ठरलेला होता. त्या घराला कठोर म्हणणे मला कधी जमले नाही. आईला मुलीच्या खेळाचा अभिमान होता. पण अभिमानाने संध्याकाळ मोकळी होत नाही. मुलांच्या संघातूनही गळती होते, पण मुलाच्या संध्याकाळवर घराचा हक्क इतका सहज पोहोचत नाही.

तेव्हापासून मी कोणत्याही खेळाडूची वाटचाल वाचताना एकच गोष्ट शोधते: तिला काळ कोणी दिला? अनिता पॉलदुराई या चेन्नईच्याच. वयाच्या १९व्या वर्षी त्या भारतीय संघाच्या कर्णधार झाल्या, आशियाई अजिंक्यपदाच्या ९ स्पर्धा खेळल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोट्टायमच्या गीतू अॅना जोस ऑस्ट्रेलियातील रिंगवुड हॉक्स संघातून खेळल्या. २०११ मध्ये अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीएमधील तीन संघांनी त्यांना चाचणीसाठी बोलावले. करार झाला नाही, तरी भारतीय स्त्रीसाठी ते दार तोपर्यंत कोणी ठोठावलेही नव्हते. या दोघींच्या आयुष्यात समान असलेली संस्था कोणती, तर दक्षिण रेल्वे. दोघी तिच्या नोकरीत होत्या. आपल्या पुण्याची शिरीन लिमये हीदेखील राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेकडून खेळली आहे. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचे जे दीर्घ वर्चस्व आहे, त्याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. राज्याराज्यांतून तयार झालेल्या मुलींना रेल्वेने पगार दिला, आणि पगाराबरोबर खेळत राहण्याचे सामाजिक कारण दिले.

हे कारण फार मोलाचे आहे. नोकरी लागलेल्या मुलीला ‘अजून खेळतेस का?’ असे कोणी विचारत नाही. शिबिरासाठी ती महिनाभर घराबाहेर राहिली तर ते कर्तव्य ठरते. तीच मुलगी नोकरीच्या आदल्या वर्षी गेली असती तर ती हौस ठरली असती. आपल्याकडे मुलीच्या बाबतीत ‘व्यावसायिक खेळाडू’ होणे म्हणजे मुख्यतः स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी मिळवणे, ही गोष्ट काही जण खेदाने सांगतात. मला तो खेद पूर्णपणे पटत नाही. अमेरिकेत डब्ल्यूएनबीएचे सामने १९९७ पासून अखंड चालू आहेत. आपल्याकडे बास्केटबॉलमध्ये महिलांची अशी वर्षानुवर्षे टिकलेली लीग अजून उभी राहिलेली नाही. एक-दोन हंगामांचा झगमगाट मुलीच्या घराला भरवसा देत नाही; महिन्याच्या एक तारखेचा पगार देतो. २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाल्यावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलींच्या घरातली भाषा बदलली, हे खरे; पण क्रिकेटजवळ जो पैसा आहे, तो इतर खेळांजवळ आजच नाही.

नोकरीने दिलेला काळ किती दूर पोहोचतो, याचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे उदाहरण २०१७ चे आहे. त्या वर्षी बंगळुरूला झालेल्या महिला आशिया चषकाच्या ‘ब’ विभागात भारताने अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले आणि वरच्या विभागात प्रवेश मिळवला. त्या संघात अनिता होत्या, आई झाल्यानंतर परतलेल्या. प्रसूतीनंतर शरीराला पुन्हा १० मिनिटांच्या चार डावांसाठी तयार करणे म्हणजे काय, हे ज्या स्त्रीने साधे जिने चढण्याचे बळ परत मिळवले आहे तिला कळेल. इच्छाशक्ती त्यात असतेच. पण रुजू होण्यासाठी राखून ठेवलेली जागा नसती, घरात मूल सांभाळणारे हात नसते, तर ती इच्छाशक्ती आपल्या कोणाच्या दृष्टीसही पडली नसती. आपण जिद्दीचे गुणगान करतो आणि तिला जगवणारी व्यवस्था विसरतो.

तरीही या व्यवस्थेत एक मोठी पोकळी आहे. शाळा फी माफ करते, राज्याची क्रीडा वसतिगृहे काही मुलींना सामावून घेतात, महाविद्यालय कोट्यातून प्रवेश देते. त्यानंतर दक्षिण रेल्वे, पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी किंवा पोलीस दल यांच्या चाचण्या येतात. जागा मोजक्या, उमेदवार पुष्कळ. सतरा ते बावीस या वयात मुलीला स्वतःच्या खेळातून काही मिळत नसते आणि नेमका त्याच काळात तिचा खेळ परिपक्व होत असतो. त्याच वयात गुडघाही जातो. उडी मारून उतरताना, वेगात वळताना, सांध्यातला अस्थिबंध तुटण्याची इजा स्त्री खेळाडूंत पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे व्यायाम मिळून वर्ष सहज जाते. ज्या घराने मोठ्या कष्टाने दोन-तीन वर्षे दिलेली असतात, ते घर हे चौथे वर्ष कोठून देणार?

माझ्या मुलीच्या सरांची एक पद्धत होती. दहावीचा निकाल लागला की ते मुलींच्या घरी जात, आणि मुलीत किती गुण आहेत याविषयी फारसे न बोलता पालकांकडे काळ मागत. ‘अजून दोन वर्षे द्या,’ एवढेच. काही घरे देत, काही देत नसत, आणि नकार देणाऱ्यांवर ते रागावल्याचे मी पाहिले नाही. एकदा मी त्यांना विचारले, मुलीला नोकरी लागेल असे तुम्ही सांगत का नाही? ते म्हणाले, ‘मला खात्री नाही, तर कसे सांगू?’ त्यांच्या हातात विद्यावेतन नव्हते, दुखापतीच्या उपचारांची हमी नव्हती, आणि चाचणीत नापास झालेल्या मुलीला पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहता यावे म्हणून तोवरच्या महिन्यांची काही तरतूद नव्हती. या तिन्ही गोष्टी देणे शासनाला, महासंघाला आणि मोठ्या उद्योगांना अशक्य नाही. त्यासाठी भव्य स्टेडियम लागत नाही, प्रक्षेपणाचे हक्क लागत नाहीत. जिल्हा पातळीवर निवडलेल्या मुलींना पाच वर्षांचे विद्यावेतन आणि विमा, एवढ्यापासून आरंभ करता येईल. आणि मग सर पुढच्या जूनमध्ये एखाद्या घराचे दार वाजवतील, तेव्हा मागण्याबरोबर त्यांना काही देताही येईल.