दिग्गीचे मूल कोणाचे?

एका कर्तव्याचे दोन धनी झाले, तर ते कर्तव्य अर्धे अर्धे वाटले जाते, की दोघांच्याही माथी सगळेच्या सगळे राहते? प्रश्न तर्कशास्त्राच्या वर्गात शोभावा असा दिसतो खरा. परंतु जोयडा तालुक्यातील दिग्गीसारख्या गावी तो एखाद्या अपंग मुलाच्या साऱ्या आयुष्याचा प्रश्न होऊन बसतो.

दिग्गी हे काळी नदीच्या उगमाकडचे गाव. भोवती अरण्य, दूर दूर विखुरलेली घरे. घरात कोंकणी, भजनात मराठी, शाळेत कानडी. येथली काळी कारवारजवळ समुद्रास मिळते. जिल्ह्याचे ठाणे कारवार, आणि आरोग्यखात्याची जिल्हा कचेरीही तेथेच. शिक्षणखात्याची मांडणी मात्र वेगळी आहे. उत्तर कन्नडचे कारवार व शिरसी असे दोन शैक्षणिक जिल्हे केलेले असून जोयडा शिरसीच्या वाट्यास आला आहे. म्हणजे दिग्गीच्या मुलाच्या प्रकृतीचा कागद एका दिशेस घाट उतरतो आणि त्याच्या शिक्षणाचा कागद भलत्याच दिशेस जातो. हे दोन कागद एकत्र येण्याची जागा एकच उरते, ती म्हणजे त्या मुलाच्या आईची पिशवी. अंगणवाडी तर तिसऱ्याच खात्याची. तिचा कागद आणखी निराळा.

खाती असू नयेत असे आम्ही म्हणत नाही. कामाची वाटणी सोयीसाठी करावीच लागते. परंतु कामाची वाटणी करता करता मुलाचीच वाटणी होऊन बसते, तेथे आमचा आक्षेप आहे. आपल्या देशात हे जुने दुखणे आहे. अपंग मुलांना सर्वसाधारण शाळांतून शिकविण्याची केंद्र सरकारची योजना १९७४ साली निघाली, ती समाजकल्याण खात्याकडून. शिक्षणखात्याकडे ती १९८२ साली आली. आठ वर्षे ही मुले बसत होती शाळेत, पण सरकारदरबारी त्यांचे शिकणे ही दयेची बाब होती! २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा पुष्कळ उदार आहे. ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क तो देतो. तरी त्यातही शिक्षण एका प्रकरणात आणि आरोग्य दुसऱ्या प्रकरणात आहे. (अलीकडे ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द मोठा झाला, त्याबरोबर वाटही रुंद झाली असती तर आम्हांस अधिक आनंद झाला असता.)

या वाटणीत नेमके काय हरवते ते पाहण्यासारखे आहे. २०१३ पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासावयाचे असते. योजना चांगली आहे. पण दिग्गीच्या शाळेत एक मूल मागे गप्प बसून असते, अशी कल्पना करा. मास्तरांना वाटते, घरी कोंकणी बोलणारे पोर, कानडी अजून उमगले नसेल, होईल हळूहळू. डॉक्टर काही मिनिटे पाहतो. पोर परक्या माणसापुढे बुजले आहे असे त्यालाही वाटते. आई म्हणते, घरी तरी कुठे हाकेला वळते? पण तिला विचारतो कोण, आणि कोणत्या भाषेत? मुलास ऐकू येत नाही, हे सत्य तिघांत विभागून पडलेले असते आणि तिघेही आपापला तुकडा उराशी धरून स्वस्थ असतात. यात कोणीही दुष्ट नाही. भागीचे घोडे किवणाने मेले, अशी आपल्याकडे म्हण आहे. घोड्यावर कोणाचा राग होता असे ती म्हण सांगत नाही.

पुढे यंत्र मिळाले तरी कथा संपत नाही. कर्णयंत्र दिले की आरोग्यखात्याचे काम झाले. पट मांडला की शाळेचे झाले. सेल संपला की ते यंत्र फडक्यात गुंडाळून फळीवर जाते, कारण सेल ही वस्तू औषधातही मोडत नाही आणि पुस्तकातही नाही.

हे अटळ आहे काय? मुंबईत १९७२ साली डॉ. मिठू अलूर यांनी मेंदूच्या पक्षाघाताने पंगू झालेल्या मुलांसाठी संस्था काढली, तेव्हा उपचार आणि शाळा एकाच छपराखाली आणली. त्यांची स्वतःची मुलगी तशी होती. आईच्या दृष्टीला मूल दोन तुकड्यांत दिसत नाही, एवढे साधे कारण त्यामागे असावे. पण मुंबईचे छप्पर दिग्गीवर पसरता येणार नाही, हेही खरे. रानातल्या दहावीस घरांसाठी तज्ज्ञांचे मंदिर कोणी उभारणार नाही. तेथे माणसांनीच एकत्र यावे लागेल.

आणि येथे आपल्या समाजाशी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. असे मूल जन्मले की ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध’ म्हणून आपण मोकळे होतो. कर्मसिद्धांताचा हा सोयीस्कर उपयोग आहे. मुलाचे प्रारब्ध क्षणभर मान्य केले, तरी त्याच्यासमोर उभे राहून आपण काय करतो ते आपले क्रियमाण होय, आणि त्याचा जमाखर्च मुलाच्या खात्यावर पडत नाही. पुराणकारांना हे ठाऊक होते. विनतेने घाईने अंडे फोडले आणि अरुण मांड्यांवाचून जन्मला. अनूरु हेच त्याचे नाव झाले. त्याच्या पूर्वजन्मीचा शोध घेत कोणी बसले नाही. त्याला सूर्याच्या रथावर सारथी म्हणून बसविले. ते काम बसून करावयाचे आहे, ही योजकता आम्हांस फार मोलाची वाटते.

आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर त्यामुळे असे, की कर्तव्य वाटले जात नाही. पालखीला खांदा देणारे अनेक असले, तरी पालखी पडली तर ‘माझा कोपरा पडला नाही’ असे कोणा भोयास म्हणता येत नाही.

करावयाचे ते फार अवघडही नाही. अपंग मुलांसाठी नेमलेले शिक्षक तालुक्यात असतात. शाळेपर्यंत येऊ न शकणाऱ्या मुलास घरी शिकविण्याचीही तरतूद आहे. वैद्यकीय पथक गावात येईल त्याच दिवशी हा शिक्षकही तेथे असावा, आईला बोलावणे जावे, आणि तिचे बोलणे कानडीत सांगण्यास गावातील कोणी शेजारी बसावा. तपासणीच्या कागदाची एक प्रत शाळेत राहावी. शाळेची खोली अपुरी पडली तर देवळाचा मंडप आहेच. जत्रेचे दिवस सोडले तर तो बहुधा रिकामाच असतो. पावसाच्या महिन्यांत या वाड्यांचे येणेजाणे बिकट होते, म्हणून हा दिवस मिरगापूर्वी धरावा. कर्णयंत्राचा सेल कोणी आणावयाचा, हेही तेथेच, आईच्या देखत ठरावे.