विश्वास ठेवणे आणि विश्वास टाकणे

सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे एक दृश्य वारंवार दृष्टीस पडते. वडील कचेरीत कामात गढलेले असतात. परगावी शिकणाऱ्या मुलाचा फोन येतो. वडील मोबाईलवर नुकतेच उमटलेले सहा आकडे वाचून दाखवितात आणि पुन्हा कामास लागतात. मुलाने काय घेतले, कितीचे घेतले, हे विचारण्याचे त्यांच्या मनात येत नाही. आणि आले तरी, घरच्या माणसास हिशेब कसला विचारावयाचा, या संकोचाने ते गप्प बसतात. क्रेडिट कार्ड एकाचे आणि त्यावरील अंक साऱ्या घरास पाठ, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की, तीत विचार करण्यासारखे काही आहे असे म्हणणाराच संशयी ठरावयाचा. तो आरोप पत्करून आम्ही हा प्रश्न वाचकांपुढे मांडीत आहो.

कार्ड म्हणजे पैसा नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. कपाटातील रोकड भावाने नेली तर जेवढी होती तेवढीच जाते. कार्ड देणारा मात्र आपला पैसा देत नसून आपला शब्द देत असतो, आणि तोही रक्कम न घालता. आपल्या आजोबांच्या पिढीतील अत्यंत मायाळू माणूसदेखील कोऱ्या स्टँपाच्या कागदावर सही करून तो धाकट्या भावाच्या हाती देण्यापूर्वी दहा वेळा विचार करीत असे. ‘ओटीपी’ म्हणून जे सहा आकडे येतात, ते म्हणजे तीच सही होय. खर्च करणारा मनुष्य कार्डाचा धनीच आहे अशी खात्री पटावी, म्हणून रिझर्व्ह बँकेने 2009 साली इंटरनेटवरील कार्डव्यवहारास असल्या दुसऱ्या खुणेची सक्ती केली. पुढे 2017 साली तिने ग्राहकाच्या जबाबदारीचे नियम घातले, ते त्यास पुष्कळ अनुकूल होते. त्रयस्थाच्या लबाडीने पैसा गेला आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत वर्दी दिली, तर ग्राहकावर बोजा नाही. परंतु आपली गुप्त खूण ज्याने आपण होऊन दुसऱ्यास सांगितली, त्याचे वर्दी देईपर्यंतचे नुकसान सर्वस्वी त्याचेच. हा दुसरा म्हणजे रस्त्यावरचा भामटा की पोटचा मुलगा, याची चौकशी त्या नियमाने केली नाही.

या बाबतीत बंगळुरातील एक प्रकरण मननीय आहे. 2013 साली बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या एका स्त्रीने पंचवीस हजार रुपये काढून आणण्यासाठी आपले बँकेचे कार्ड व पिन पतीच्या स्वाधीन केला. यंत्रातून पावती बाहेर आली, पैसे आले नाहीत. बँकेने पैसे देण्याचे नाकारले, आणि 2018 साली ग्राहक न्यायमंचानेही तिची तक्रार फेटाळली. पतीस पाठवावयाचेच होते तर त्याजबरोबर धनादेश किंवा अधिकारपत्र द्यावयास हवे होते, असे ठरले. हे कार्ड उधारीचे नव्हे, खात्यातील पैसे काढण्याचे होते. तत्त्व मात्र तेच. हा निकाल प्रथम वाचला तेव्हा आम्हांस तो निष्ठुर वाटला, आणि अजूनही थोडासा वाटतो. तान्हे मूल कुशीत असलेल्या बाईने पतीवर विसंबू नये, तर कोणावर विसंबावे? परंतु विचारान्ती असे दिसते की, पती परका आहे असे न्यायमंचाने म्हटलेच नाही. त्याने इतकेच म्हटले की, पत्नीची सही पतीची होत नाही. आणि हे तत्त्व सोडले, तर त्याचा पहिला फटका बहुधा पत्नीसच बसेल.

एकत्र कुटुंबाच्या काळी असला भेद कोठे होता, असे कोणी विचारील. होता, मात्र निराळ्या रीतीने. कर्त्याने काढलेले कर्ज साऱ्या घरावर बसे खरे, पण ते कुटुंबाच्या गरजेसाठी काढलेले आहे की नाही, हे पाहिले जाई. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानले होते, तरी जुगारापायी वा मद्यापायी केलेले ऋण त्यातून वगळले होते. नव्या कर्जांपुरते ते कर्तव्यही 2005 च्या दुरुस्तीने न्यायालयात संपले. याज्ञवल्क्याने तर पतीने स्त्रीधन घेतले असता ते परत न करण्याची मुभा दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास या चारच प्रसंगी दिली आहे. म्हणजे ज्या काळास आपण डोळे मिटून विश्वासाचा काळ म्हणतो, त्या काळानेही डोळे मिटले नव्हते. आजच्या कार्डाने खर्चाचा अधिकार साऱ्यांस दिला आणि फेडीचा भार एकावर ठेवला.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांनी पुतण्यास असेच कार्ड वापरू दिले होते. पुतण्या दुर्वर्तनी नव्हता. धंद्यात पहिली रक्कम त्याने सांगून घेतली आणि फेडलीही. दुसरी सांगून घेतली. तिसरी घेऊन मग सांगितली. चौथी ‘पुढच्या महिन्यात एकदमच सांगू’ म्हणून राहिली. यातील चोरी कोणत्या दिवशी सुरू झाली, हे ठरविणे आम्हांस तरी साधलेले नाही. देणे पन्नास हजारांचे झाले. दरमहा शेकडा साडेतीन दराने व्याजच 1,750 रुपये, त्यावर शेकडा अठरा कर 315 रुपये. अडीच हजार भरले तरी मुद्दलातून 435 रुपयेच सुटावयाचे! परंतु त्या गृहस्थांस खरा प्रश्न पडला तो आकड्यांचा नव्हे. ‘हा व्यवहार आपण केला आहे काय?’ असे बँक विचारीत होती. ‘होय’ म्हणावे तर असत्य, ‘नाही’ म्हणावे तर दिवंगत भावाच्या मुलावर फिर्याद. त्यांनी ‘होय’ लिहिले, दोन वर्षे पैसे फेडले, आणि पुतण्याशी त्याविषयी एक अक्षरही काढले नाही. आमच्या मते त्यांची चूक झाली असेल तर ती या मौनात झाली. पैसा गेला तो गेला. पण पुतण्याला ‘काका, चुकलो’ म्हणण्याची जागाही त्यांनी ठेवली नाही. तो आता सणावारीही येत नाही.

यावर उपाय सोपा आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. घरच्या माणसाच्या नावाने निराळे ‘ॲड-ऑन’ कार्ड मिळते. त्याचेही देणे मूळ धन्यावरच असते. मात्र बहुतेक बँका त्यास खर्चाची मर्यादा घालू देतात, आणि कोणी काय खर्चिले हे बिलात निराळे दिसते. मर्यादा घालणे हा अपमान आहे, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस वाटत नाही. आपल्या भाषेत विश्वास ‘ठेवतात’ आणि ‘टाकतात’ही, जी वस्तू ठेवली तिची मनुष्य अधूनमधून विचारपूस करतो, टाकलेलीची करीत नाही.

हा धोका देणाऱ्यासच असतो असेही नाही. आमच्या एका स्नेह्यांच्या मातोश्रींस डोळ्यांनी दिसत नाही. त्यांची औषधे, विजेचे बिल, सारे त्यांच्याच कार्डावर हा मुलगा भागवितो. नियमास ते धरून नाही, हे तो जाणतो. आणि उद्या भावंडांनी विचारले तर आपणाजवळ आईच्या शब्दाखेरीज पुरावा नाही, हेही जाणतो. म्हणून दर महिन्यास बिल आले की, तो तिच्याजवळ बसून एकेक रक्कम मोठ्याने वाचतो. ‘मला मेलीला काय त्यातलं कळतंय!’ असे ती म्हणते. तो वाचीत राहतो. आणि मध्येच ती विचारते, ‘त्या खोकल्याच्या औषधाचे मागल्या खेपेस इतके कुठे पडले होते रे?’